‘शी कुड नॉट’ : एका इंग्रजी वाक्याची दुरुस्ती

इंग्रजींतील ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’, ‘माइट’ या लहानशा सहायक क्रियापदांनीं आपल्याकडील विद्यार्थ्यांना जितकें छळलें आहे, तितकें मोठमोठ्या शब्दांनींही छळलेलें नाहीं. अवघड शब्द कोशांत पाहिला कीं त्याचें काम होतें. हे शब्द कोशांत सांपडूनही हातीं लागत नाहींत. यांच्याविषयीं या सदरांत केव्हां तरी लिहावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें. तसा प्रसंग मात्र गेल्या महिन्यांत अगदीं घरांतच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं आला.

आमची नात नववींत आहे. शाळेनें तिला इंग्रजी निबंध दिला होता : घरांतील एका वडील स्त्रीविषयीं वीस ओळी लिहा. तिनें विषय निवडला तो माझ्या थोरल्या बहिणीचा. आक्का माझ्याहून पांच वर्षांनीं मोठी. यजमान वारल्यापासून, म्हणजे गेलीं अठरा वर्षें, ती आमच्याच घरीं असते, आणि घरांतील सर्व मुलांचें गणित तिच्याच हाताखालून गेलेलें आहे. नातीनें निबंध लिहून मला तपासावयास दिला आणि मी जुन्या संवयीप्रमाणें लाल पेन्सिल घेऊन बसलों. शुद्धलेखनाच्या दोन चुका आणि एक विसरलेलें उपपद, एवढेंच निघालें. निबंधाच्या मध्यावर दोन वाक्यें होतीं. पहिलें, ‘शी कुड नॉट स्टडी आफ्टर मॅट्रिक्युलेशन.’ दुसरें, ‘शी लेफ्ट हर स्टडीज सो दॅट हर ब्रदर कुड स्टडी.’ व्याकरणदृष्ट्या दोन्ही निर्दोष. मीं त्यांवर बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

आक्का मेथी निवडीत बसली होती. नातीनें तिला निबंध वाचून दाखविला. आक्काचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, पण जेवढें आहे तेवढें पक्कें आहे. ती निवडतां निवडतां थांबली आणि म्हणाली, “पोरी, तेवढें ‘कुड नॉट’ काढून टाक. मला येत नव्हतें असें नाहीं.”

“आक्काआजी, त्याचा अर्थ तसा नाहीं. त्याचा अर्थ, पुढें शिकतां आलें नाहीं.”

“तेंच तर विचारतें मी. कां आलें नाहीं?”

नात वही घेऊन पुन्हां माझ्यापुढें उभी. “आजोबा, बरोबरची खूण तुम्हींच केली आहे.”

आतां हा प्रश्न व्याकरणाचा कीं घराचा, हें पुढें पाहूं. व्याकरणाचा भाग सोपा आहे, म्हणून तो आधीं घेतों.

‘कॅन’ हा शब्द जुन्या इंग्रजींतील ‘जाणणें’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. जाणणें या अर्थाचा आजचा इंग्रजी ‘नो’ आणि आपल्या संस्कृतांतील ‘ज्ञा’ हे त्याचे सगोत्र होत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हां ‘शी कॅन स्विम’ याचा मूळचा अर्थ ‘ती पोहणें जाणते’, म्हणजे आपल्या मराठींत ‘तिला पोहतां येतें’, असा होतो. याच्या उलट ‘मे’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बळ असणें’ असा होता. ‘माइट’ हा शब्द नाम म्हणून आजही ‘बळ’ याच अर्थानें चालतो. पुढें कालांतरानें ‘मे’ जवळचें बळ ‘कॅन’ नें आपल्याकडे ओढलें, आणि ‘मे’ च्या वांट्याला परवानगी आणि संभव एवढेंच उरलें. आमच्या पिढीचे मास्तर ‘कॅन आय गो?’ असें विचारणाऱ्या मुलाला ‘पाय आहेत ना? मग जातां येईलच!’ असें सुनावून ‘मे आय गो?’ घोकून घेत. परंतु ‘कॅन’ चें पोट तेवढ्यानें भरलें नाहीं. त्यानें ‘मे’ ची परवानगीही बळकावली, आणि आज खुद्द इंग्रजांच्या घरांतलीं मुलें ‘कॅन आय?’ असेंच विचारतात.

जातां जातां एक गंमत सांगतों. ‘कुड’ च्या लेखनांत जो मुका लकार असतो, तो त्याचा स्वतःचा नव्हे. ‘शुड’ आणि ‘वुड’ यांना तो ‘शॅल’ आणि ‘विल’ यांच्यापासून वारसाहक्कानें मिळालेला आहे. ‘कॅन’ मध्यें लकार नाहींच, तर ‘कुड’ ला तो कोठून येणार? तो त्या दोघांच्या देखादेखीनें आंत शिरला. दोन निमंत्रितांमागून तिसरा पंक्तीला बसावा, तसा. विद्यार्थी तो लिहावयास विसरले तर आम्ही त्यांचे गुण कापतों, आणि इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें तर बरोबर त्यांचेंच असतें! असो.

या सर्व घडामोडींचा परिणाम असा झाला कीं, ‘शी कुड नॉट’ एवढ्या तीन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच चादरीखालीं निजूं लागल्या. तिला तें माहीत नव्हतें, ही एक. तिच्या अंगीं तेवढी शक्ति नव्हती, ही दुसरी. आणि तिला कोणी तें करूं दिलें नाहीं, ही तिसरी. वाक्य ऐकणारा आपल्या मनाजोगती त्यांतली एक उचलतो, आणि बहुधा पहिल्या दोहोंपैकीं उचलतो. कारण ‘ती’ हा कर्ता वाक्याच्या अग्रभागीं उभा असतो आणि उणीव त्याच्याच माथीं बसते.

नातीला हें समजावून देण्यासाठीं मीं तिला केंब्रिजची गोष्ट सांगितली. ती सविस्तर येथें देतों, कारण ‘कुड’ चे दोन अर्थ एकाच बाईच्या चरित्रांत इतके स्वच्छ वेगळे झालेले मला दुसरीकडे आढळले नाहींत.

केंब्रिज विद्यापीठानें १८८१ सालीं स्त्रियांना ट्रायपॉस परीक्षांना बसण्याची रीतसर मुभा दिली. पदवी मात्र दिली नाहीं. १८९० सालीं न्यूनहॅम कॉलेजांतील फिलिपा फॉसेट या गणिताच्या ट्रायपॉसला बसल्या. त्या काळीं पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेल्या पुरुषांची रँग्लर म्हणून अनुक्रमानें यादी लागे. स्त्रियांचीं नांवें निराळीं वाचीत, आणि प्रत्येकीचें स्थान पुरुषांच्या यादींत कोठें पडलें असतें, एवढेंच सांगत. फॉसेटबाईंचें नांव निघालें तेव्हां त्यांचें स्थान ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असें जाहीर झालें. सीनियर रँग्लर ही काय चीज आहे हें महाराष्ट्राला सांगावयास नको. आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं तो मान मिळवून आले, आणि ‘रँग्लर’ ही पदवी त्यांच्या नांवाला जन्मभर चिकटली. त्यांच्या आधीं नऊ वर्षें ज्या बाईनें त्या स्थानाच्याही वरची जागा मिळविली, तिला साधी पदवीसुद्धां मिळाली नाहीं. १८९७ सालीं स्त्रियांना पदव्या देण्याचा प्रश्न विद्यापीठापुढें आला, तो मोठ्या बहुमतानें फेटाळला गेला. विरोधी विद्यार्थ्यांनीं त्या दिवशीं सायकलवर बसलेल्या स्त्रीचा एक पुतळा करून भर रस्त्यावर टांगला होता. १९२१ पासून पदवीचें नुसतें नांव मिळूं लागलें, सभासदत्वाचे हक्क नाहींत. पुरती पदवी मिळूं लागली ती १९४८ सालीं. आणि त्याच १९४८ सालीं, ऐंशीं वर्षें पुरीं होऊन, फॉसेटबाई निवर्तल्या.

आतां इंग्रजींत दोन वाक्यें करूं. ‘शी कुड सॉल्व्ह द प्रॉब्लेम्स.’ ‘शी कुड नॉट टेक द डिग्री.’ पहिलें ‘कुड’ हें खरें जुनें ‘जाणणें’ आहे. दुसरें ‘कुड’ हें फाटकावरच्या पहारेकऱ्याचें आहे. दोन्ही वाक्यांत कर्ता तोच, क्रियापद तेंच. केवळ नकार जोडल्यानें ज्ञानाची गोष्ट मनाईची झाली, आणि मनाई करणाराचा मात्र वाक्यांत पत्ता नाहीं.

या ठिकाणीं इंग्रजीचा आणखी एक नियम विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. भूतकाळीं एखाद्या प्रसंगीं प्रयत्न करून तें कार्य तडीस गेलें असेल, तर होकारार्थीं ‘कुड’ म्हणावयाचें नसतें. तेथें ‘वॉज एबल टु’ पाहिजे. ‘लहानपणीं तिला झाडावर चढतां येई’, येथें ‘शी कुड क्लाइम्ब’ चालेल, कारण तें अंगचें कौशल्य झालें. ‘काल आग लागली तेव्हां तिला गच्चीवरून उतरतां आलें’, येथें ‘शी वॉज एबल टु गेट डाउन’ असेंच म्हणावें. नकारांत हा भेद नाहीं. तेथें ‘कुड नॉट’ दोन्हींकडे चालतें. आणि ‘कॅन’ ला भविष्यकाळ, पूर्णकाळ वगैरे रूपेंच नसल्यामुळें तेथेंही ‘एबल’ ला बोलवावें लागतें. ‘एबल’ हा मूळचा लॅटिन, फ्रेंचांच्या घरावरून इंग्रजींत आलेला. मूळ अर्थ हातीं धरावयास सोयीचा. परका खरा, पण ‘कॅन’ जेथें लंगडतो तेथें यानेंच खांदा दिलेला आहे.

हें सर्व सांगून झाल्यावर मीं थोड्याशा अभिमानानेंच नातीला म्हटलें, “आपली मराठी पहा. ‘तिला लिहितां येतें’ म्हणजे ती शिकलेली आहे. ‘ती लिहूं शकते’ म्हणजे तिच्याजवळ तेवढी ताकद किंवा सवड आहे. ‘तिच्यानें लिहवत नाहीं’ म्हणजे हात दुखतो किंवा जीव धजत नाहीं. याला दामल्यांच्या १९११ सालच्या व्याकरणांत शक्य क्रियापद म्हटलें आहे. आणि ‘तिला लिहूं देत नाहींत’ म्हणजे मनाई. चार घरें, चौघांचीं दारें वेगळालीं.”

आंतून आक्काचा आवाज आला. “बाळ, दारें वेगळालीं खरीं, पण तूं कोणतें उघडलेंस? दादा असतांना ते म्हणत, आणि दादा गेल्यावर आल्यागेल्याला तूं सांगत आलास, ‘आक्काला पुढें शिकतां आलें नाहीं.’ पन्नास वर्षें तेंच वाक्य. पोरीनें तेंच इंग्रजींत केलें.”

यावर मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. वाचकांना सांगितलें पाहिजे तें हें कीं, आक्का १९६९ सालीं मॅट्रिक झाली, तेव्हां शाळेंत गणिताला तिचे गुण सर्वांत अधिक होते. तिच्या मास्तरांनीं घरीं येऊन दादांना सांगितलें होतें कीं, मुलीला कॉलेजांत घाला. मी तेव्हां बारा वर्षांचा. ओसरीवर बसून मीं तें ऐकलेलें आहे. दादांचें उत्पन्न बेताचें. एकाला शिकवितां येईल, असें ते म्हणाले, आणि तो एक कोण हें कोणी विचारलें नाहीं. पुढच्या वर्षीं आक्काचें लग्न झालें. मी १९७४ सालीं मॅट्रिक होऊन पाठशाळेंत गेलों, आणि ज्या पाणिनीच्या जोरावर हें सदर मी लिहितों तो मला तेथें भेटला.

तेव्हां नातीचें दुसरें वाक्य, ‘सो दॅट हर ब्रदर कुड स्टडी’, यांतील ‘ब्रदर’ कोण, हें उघड आहे. त्यावर बरोबरची खूण करतांना माझा हात कांहीं थबकला नव्हता, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

आतां हेतुवाक्याकडे वळूं. इंग्रजींत हेतु सांगण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे ‘टु’ लावून क्रियापद : ‘शी केम टु स्टडी’, ती शिकावयास आली. हा ‘टु’ मूळचा दिशा दाखविणारा; गांवाकडे जाणें तसें क्रियेकडे जाणें. जुन्या इंग्रजींत त्यापुढें क्रियापदाचें चतुर्थीसारखें रूप येई. आपल्या ‘शिकावयास’, ‘शिकायला’ या रूपांतही चतुर्थीचाच प्रत्यय आहे, आणि वेदांत ‘पातवे’, म्हणजे पिण्यासाठीं, अशीं चतुर्थ्यन्त रूपें पुष्कळ आढळतात. पुढें संस्कृतानें या सर्व गर्दींतून एकट्या ‘तुमुन्’ ला ठेवून घेतलें. आणि पहा, हेतु सांगतांनाही ‘पठितुम् आगच्छति’, आणि सामर्थ्य सांगतांनाही ‘पठितुं शक्नोति’! सामर्थ्य आणि हेतु या दोहोंना संस्कृतानें एकाच प्रत्ययाखालीं आणलें आहे.

परंतु तुमुन् ला एक पथ्य आहे. इच्छा सांगणाऱ्या धातूबरोबर तो यावयाचा असेल, तर इच्छा करणारा आणि क्रिया करणारा एकच पाहिजे, असें पाणिनीनें घातलेलें बंधन आहे. ‘सा पठितुम् इच्छति’ हें शुद्ध. शिकणारी तीच, इच्छाही तिचीच. ‘तिनें शिकावें अशी त्याची इच्छा आहे’ हें मात्र तुमुन् नें सांगतां येत नाहीं. तेथें वाक्य निराळें मांडावें लागतें. इंग्रजीला हें पथ्य नाहीं. ‘शी वॉन्ट्स टु स्टडी’ आणि ‘ही वॉन्ट्स हर टु स्टडी’ या दोहोंत मध्यें एक ‘हर’ काय तो अधिक, आणि तेवढ्यानें इच्छेचा धनी बदलतो. मुलें हा ‘हर’ घाईंत वाचतात. तो सावकाश वाचावा.

आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रांत हीं दोन्ही वाक्यें एकामागून एक येतात. गोपाळराव जोशी यांनीं बायकोच्या शिक्षणाचा ध्यास घेतला. ती लहान होती, शिकवीत होते ते. तो काळ ‘ही वॉन्टेड हर टु स्टडी’ या वाक्याचा. पुढें चौदाव्या वर्षीं झालेलें मूल थोड्याच दिवसांत गेलें, आणि स्त्रियांना स्त्री-वैद्य पाहिजे हा विचार तिच्या स्वतःच्या मनांत रुजला. १८८३ सालीं अमेरिकेस निघण्यापूर्वीं तिनें श्रीरामपूर येथें भर सभेंत इंग्रजींतून भाषण केलें. मी अमेरिकेला कां जातें, येथें सोय नाहीं काय, एकटी कां जातें, असे लोकांनीं विचारलेले प्रश्न तिनें एकेक करून घेतले आणि त्यांना स्वतः उत्तरें दिलीं. तेथें कर्ता ‘आय’ आणि हेतूही ‘आय’ चा. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ती एम्. डी. झाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारली; वय पुरतें बावीसही नव्हतें. गोपाळरावांचें ऋण मोठेंच आहे, परंतु तें पहिल्या वाक्यापुरतें. दुसरें वाक्य बाईंचें आहे.

इंग्रजींत हेतु सांगण्याचा दुसरा, जरा पोशाखी मार्ग म्हणजे ‘सो दॅट’. जुन्या ग्रंथांत नुसतें ‘दॅट’. याच्या पुढें वर्तमानाला ‘मे’ किंवा ‘कॅन’ आणि भूताला ‘माइट’ किंवा ‘कुड’ येतो. कांहीं टाळावयाचें असेल तर ‘लेस्ट’, हा आतां ग्रंथांतूनच भेटतो. येथें कर्ते दोन असूं शकतात, आणि म्हणूनच प्रश्न उद्भवतो कीं, हेतु कोणाच्या मनांतला?

मराठीनें या कामीं ‘म्हणून’ हा शब्द योजिला आहे, आणि तो मला फार प्रामाणिक वाटतो. ‘भावानें शिकावें म्हणून’ याचा अक्षरार्थ ‘भावानें शिकावें असें म्हणून’. कोणी तरी मनांत तसें म्हटलें आहे; आणि तें कोणी म्हटलें, हें पुढचें क्रियापद सांगतें. ‘भावानें शिकावें म्हणून आक्कानें शिक्षण सोडलें’ : येथें म्हणणारी आक्का. ‘भावानें शिकावें म्हणून आक्काला घरीं ठेवलें’ : येथें म्हणणारे दादा. पूर्वार्ध दोन्हींकडे अक्षरशः तोच, आणि इंग्रजींतही ‘सो दॅट हर ब्रदर कुड स्टडी’ दोन्हींकडे तोच राहतो. खरेंखोटें काय तें मुख्य क्रियापदांत आहे. नातीनें लिहिलें होतें ‘शी लेफ्ट’. हें लिहिण्यांत तिचा हेतु चांगलाच होता. आक्काआजीचा त्याग तिला दाखवावयाचा होता. मोठ्या माणसांविषयीं आपण असेंच लिहितों.

मी वही घेऊन आक्कापाशीं गेलों आणि हें सर्व तिला सांगितलें. ती म्हणाली, “त्याग म्हणावयाला आधीं हातांत तर यावें लागतें ना? मीं सोडलें नाहीं. सोडतेस का, म्हणून मला कोणी विचारलेंही नाहीं. विचारलें असतें तर कदाचित् सोडलेंही असतें. तूं लहान होतास, हुशार होतास. पण तें आतां कसें सांगूं?”

नात मध्येंच म्हणाली, “मग आपण असें लिहूं या : ‘शी कुड हॅव बिकम ए मॅथेमॅटिशियन.’”

‘कुड हॅव’ हें इंग्रजींतील एक फार हळवें रूप आहे. सामर्थ्य होतें, घडलें नाहीं, असें तें एका दमांत सांगतें. मराठींत त्याला ‘झाली असती’ असें दोन पायांवर उभें करावें लागतें. मला तें वाक्य आवडलें होतें. आक्काला आवडलें नाहीं.

“तें नको. झालें असतें कीं नसतें, कोणाला ठाऊक? जें झालें तेवढें लिही. गणिताला पहिली आली, हें लिही. कॉलेजांत पाठविली नाहीं, हें लिही.”

तेव्हां पहिलें वाक्य असें दुरुस्त झालें : ‘शी स्टुड फर्स्ट इन मॅथेमॅटिक्स, बट शी वॉज नॉट सेंट टु कॉलेज.’ आणि दुसरें : ‘शी वॉज केप्ट अॅट होम सो दॅट हर ब्रदर कुड स्टडी.’

नातीला शंका आली. ती म्हणाली, “आजोबा, तुम्हीं आत्तांच सांगितलें कीं, कार्य तडीस गेलें असेल तर ‘वॉज एबल टु’ पाहिजे. तुम्ही तर शिकलांत. मग येथें ‘कुड’ कसें?”

शंका चांगली होती. मीं सांगितलें कीं, हेतुवाक्य हें क्रियेच्या आधीं उभें राहून पुढें पाहतें. हेतु धरला त्या दिवशीं मी शिकेन कीं नापास होऊन घरीं बसेन, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. हेतु सफळ झाला कीं नाहीं, हें ‘सो दॅट’ कधींच सांगत नाहीं. म्हणून तेथें ‘कुड’ च योग्य. सफळ झाल्याचें सांगावयाचें असेल तर निराळें वाक्य पाहिजे.

“मग तें घाल,” आक्का मेथीच्या काड्या गोळा करीत म्हणाली. “शेवटीं लिही, ‘अँड ही डिड.’ तो शिकला. तेवढें तरी त्यांतून झालें.”

नातीनें तें लिहिलें, आणि निबंध शाळेंत गेला.

परवां तो परत आला. शाळेंतील इंग्रजीच्या बाईंनीं गुण उत्तम दिले आहेत. केवळ ‘शी वॉज नॉट सेंट टु कॉलेज’ या वाक्याखालीं रेघ ओढून समासांत दोनच शब्द लिहिले आहेत : ‘बाय हूम?’ बाईंचें म्हणणें रास्त आहे. कर्मणि प्रयोगांत कर्ता गाळतां येतो, ही त्याची सोयही आहे आणि खोडही आहे, असें मीं स्वतः तीस वर्षें मुलांना शिकविलें. उत्तर सुधारून सोमवारीं द्यावयाचें आहे. आक्का म्हणते, ‘तिच्या आजोबांना विचारा.’ वही सध्यां माझ्या मेजावर आहे.